कर्ता की करण? : अंतराळातील स्वयंचलित योद्धा आणि कथेतील हेतूचा प्रश्न

यंत्र माणसावर उलटते, ही विज्ञानकथेतील सर्वांत परिचित कल्पना. कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' (१९२०) या नाटकापासून ती रूढ झाली आणि 'रोबो' हा शब्दही त्याच नाटकाने जगाला दिला. वेठबिगारीचा अर्थ वाहणाऱ्या चेक शब्दातून तो आला असल्यामुळे त्यातील यंत्रमानवांचे बंड हे दासांचे बंड ठरते. राबणाऱ्याला राग येतो, तो मालकाला मारतो. या घटनाक्रमाला मानवी इतिहासाचे पाठबळ आहे आणि म्हणूनच तो कथात्म साहित्याच्या नेहमीच्या साधनांनी मांडता येतो. यंत्राला राग आला की त्याला मन आले, मन आले की हेतू आला, आणि हेतू आला की तो प्रतिनायक म्हणून उभा करता आला. समीक्षेलाही मग नवे काही करावे लागत नाही. पात्राच्या मनोव्यापाराचे विश्लेषण करण्याची तिची जुनी पद्धत यंत्रापुढेही चालते.

ही सोय जेथे संपते तेथून प्रस्तुत विवेचनाचा प्रारंभ होतो. फ्रेड सेबरहेगन (१९३०–२००७) या अमेरिकन लेखकाने १९६३ मध्ये जे युद्धयान कल्पिले, त्याने बंड केलेले नाही. ते आज्ञाधारक आहे, आणि त्याची भीषणता या आज्ञाधारकतेतच आहे. फार प्राचीन काळी दोन संस्कृतींमध्ये युद्ध झाले. त्यांपैकी एकीने शत्रूच्या समूळ नाशासाठी, जीवन दिसेल तेथे ते संपवावे अशी आज्ञा देऊन, प्रचंड स्वयंचलित याने अंतराळात सोडली. शत्रू संपला, निर्मातेही संपले, याने मात्र आकाशगंगेत फिरत राहिली. ती स्वतःची दुरुस्ती करतात, आपल्यासारखी नवी याने घडवतात आणि दिलेले काम करीत राहतात. सेबरहेगनने त्यांना 'बर्सर्कर' म्हटले. अस्वलाचे कातडे पांघरून, अंगात वारे शिरल्यासारखे लढणाऱ्या प्राचीन नॉर्स योद्ध्यांचे हे नाव आहे. नावातील विसंगती उघड आहे. नॉर्स योद्ध्याच्या अंगात काहीतरी येत असे, तर या यानाच्या अंगात येण्यासारखे काहीच नाही. उन्मादाचे नाव घेऊन वावरणारी ही परिपूर्ण थंडाई आहे.

येथे समीक्षेपुढील प्रश्न मुळात व्याकरणाचा आहे, असे म्हटले तर ते विचित्र वाटेल. पण तसे म्हणण्यास आधार आहे. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना स्वातंत्र्य हाच निकष मानला. क्रियेच्या सिद्धीत जो स्वतंत्र, तो कर्ता. क्रियेला जे सर्वाधिक साहाय्यभूत, ते करण. शिवाय कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्याची, म्हणजे प्रयोजकाची, त्याने वेगळी व्यवस्था लावली आणि त्याला 'हेतू' ही संज्ञा दिली. कर्ता आणि करण या दोहोंना तृतीया विभक्ती सांगणारे सूत्र मात्र एकच आहे. मराठीने हा वारसा जसाच्या तसा जपला आहे. 'रामाने बाणाने रावणाला मारले' या वाक्यात राम आणि बाण दोघेही 'ने' हा एकच प्रत्यय धारण करतात. दोघे एकत्र असतात तोवर घोटाळा होत नाही. परंतु 'यंत्राने माणसाला मारले' असे वाक्य समोर आले, तर यंत्र कर्ता की करण हे प्रत्यय सांगत नाही. वाक्याबाहेर कोणी राम आहे काय, याचा शोध घ्यावा लागतो.

बर्सर्करच्या बाबतीत वाक्याबाहेरचा तो राम मृत आहे. प्रयोजक नाहीसा झाला असून प्रयोज्य क्रिया चालूच आहे. 'करणे' आणि 'करविणे' या क्रियापदांमध्ये जे अंतर भाषेने राखले, ते येथे रिकामे पडते. या रिकाम्या जागेचे कथेत काय करायचे, ही त्या लेखकापुढील खरी अडचण होती. आजच्या वाचकाला ती केवळ कल्पित वाटण्याचे कारण नाही. स्वयंचलित शस्त्रांविषयी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१२ मध्ये काढलेले आणि २०२३ मध्ये सुधारलेले निर्देश बलप्रयोगाच्या निर्णयात मानवी विवेकाचा योग्य वाटा असावा असा आग्रह धरतात. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने याच विषयावर ठराव केला. या दस्तऐवजांची भाषा कायद्याची असली तरी त्यांतील शोध त्या न सापडणाऱ्या रामाचाच आहे.

या मालिकेची पहिली कथा 'इफ' या अमेरिकन नियतकालिकाच्या जानेवारी १९६३ च्या अंकात 'फोर्ट्रेस शिप' या नावाने आली आणि पुढे 'विदाउट अ थॉट' या नावाने संग्रहित झाली. नंतरचे नाव अधिक अर्थपूर्ण आहे. कथेचा घाट साधा आहे. एका बर्सर्करसमोर माणसांची दोन लहान याने उभी आहेत. तिसरे येऊन मिळेपर्यंत हल्ला करण्यात अर्थ नाही. बर्सर्करजवळ माणसाची विचारशक्ती बधिर करणारे एक अस्त्र आहे. ते खरोखर परिणाम करते किंवा कसे हे त्याला पडताळून पाहायचे आहे, म्हणून अस्त्राच्या माऱ्याखाली असलेल्या यानातील डेल मरे या माणसाला तो एका सोप्या पटावरील सोंगट्यांचा खेळ खेळायला लावतो. चाली बरोबर येत राहिल्या तर अस्त्र निष्फळ ठरले. चुकल्या तर माणसाचे डोके बंद पडले आहे, हल्ला करण्यास हरकत नाही. डेलचे डोके बंद पडते. चाली मात्र येत राहतात. त्या खेळत असतो त्याच्याजवळचा न्यूटन नावाचा एक पाळीव प्राणी, ज्याला सांगितलेली साधी कामे करता येतात पण बोलता येत नाही, आणि खेळ तर मुळीच समजत नाही. डेलने आधीच पटावरील संभाव्य मांडण्यांची चित्रे काढून प्रत्येकीसाठी एक छोटी पेटी ठेवली आहे आणि पेट्यांत रंगीत मणी घातले आहेत. प्राण्याने समोरच्या पटाशी जुळणारे चित्र शोधायचे, त्या पेटीतून न पाहता मणी काढायचा आणि मण्याच्या रंगाप्रमाणे सोंगटी हलवायची.

ही युक्ती सेबरहेगनची स्वतःची नव्हे. ब्रिटिश शास्त्रज्ञ डोनाल्ड मिची यांनी १९६० च्या सुमारास ३०४ काडेपेट्या आणि रंगीत मणी यांच्या साह्याने फुली-गोळ्याचा खेळ शिकणारे 'यंत्र' उभे केले होते. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९६२ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरात तीच कल्पना एका अगदी छोट्या प्यादी-खेळासाठी २४ काडेपेट्यांवर आणली. हरलेल्या डावातील अखेरच्या चालीचा मणी काढून टाकायचा, एवढाच त्यातला 'अध्यापनाचा' भाग. अशा रीतीने काही डावांनंतर काडेपेट्या हरेनाशा होतात. यंत्राने शिकणे ही गोष्ट कागद, मणी आणि पुठ्ठा यांपलीकडे काही मागत नाही, हे त्या सदराने सामान्य वाचकाला दाखवले. त्यानंतर वर्ष उलटायच्या आतच हे प्रात्यक्षिक कथारूप घेऊन आले.

या कथेचे महत्त्व युक्तीच्या चातुर्यात शोधणे म्हणजे तिला कोड्याच्या पातळीवर सोडून देणे होय. बर्सर्कर येथे वाचकाच्या भूमिकेत आहे, ही बाब अधिक मोलाची. त्याच्या हाती फक्त चालींची मालिका, म्हणजेच एक संहिता, आहे. संहितेत संगती दिसते, म्हणून संहितेमागे विचार करणारे मन आहे असे तो अनुमान करतो. विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ मध्ये ज्या प्रमादाला नाव दिले, त्या हेतुदोषाचेच हे यांत्रिक रूप आहे. कलाकृतीवरून कर्त्याच्या हेतूकडे जाण्याची घाई समीक्षक करतो तशीच ती येथे युद्धयानाने केली आणि त्याची किंमत मोजली. ट्युरिंगने १९५० च्या निबंधात माणसाला यंत्राची पारख करायला सांगितली होती. सेबरहेगनने परीक्षक आणि परीक्षार्थी यांची अदलाबदल केली. पारख करणारे यंत्र आहे, आणि ज्याची पारख व्हायची तो माणूस पडद्यामागे बेशुद्धवत आहे.

तथापि फसगत बर्सर्करची एकट्याचीच होते असे नाही. कथा वाचताना वाचक नकळत बर्सर्करला 'क्रूर', 'धूर्त', 'द्वेष्टा' अशी विशेषणे लावू लागतो. त्याच्या हाती तरी काय असते? याच्या चाली, एवढेच. संगतवार हिंसेवरून द्वेषाचे अनुमान करणारा वाचक आणि संगतवार चालींवरून विचाराचे अनुमान करणारे यंत्र यांच्या चुकीची जात एकच आहे. सेबरहेगनने हे साम्य जाणीवपूर्वक योजले काय, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही (तो विचारणे हाही पुन्हा तोच दोष ठरेल). संहितेत ते आहे, एवढे पुरे. या दृष्टीने आणखी एक तपशील पाहण्याजोगा आहे. बर्सर्करच्या हालचाली शत्रूच्या गणकयंत्रांना आधी ओळखता येऊ नयेत, म्हणून त्याच्या अंतर्भागात दीर्घायुषी किरणोत्सर्गी द्रव्याचा एक ठोकळा बसवलेला असून त्यातील अणूंच्या यादृच्छिक विघटनावर त्याची रणनीती बेतलेली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला जे स्वातंत्र्य वाटते, ते आतून पाहिले तर अणूंची सोडत असते. न्यूटनच्या पेटीतील मणी आणि बर्सर्करच्या पोटातील अणू यांत तत्त्वतः फरक नाही. पटाच्या दोन्ही बाजूंना कोणीच विचार करीत नाही, असा तो डाव आहे. शीर्षकाचा रोख यानाच्या एकाच बाजूला नाही, हे येथे ध्यानात येते.

इतकी उंची मालिकेने पुढे क्वचितच गाठली. १९६७ च्या 'बर्सर्कर' या पहिल्या संग्रहात सेबरहेगनने सुट्या कथा एका निवेदकाच्या सूत्रात ओवल्या. हा निवेदक माणूस नाही. तो कार्म्पन नावाच्या शांतताप्रिय वंशाचा इतिहासकार आहे, आणि पृथ्वीच्या वंशजांनी आपले जग राखल्याबद्दल कृतज्ञतेने तो हा वृत्तान्त लिहीत आहे. सुसंस्कृत वंशांना लढता येत नाही. माणसाने मात्र युद्धाची हौस कधी सोडली नव्हती, आणि तीच अखेर विश्वाच्या कामी आली, असा त्याचा सूर आहे. निवेदकाची ही निवड निरागस नाही. शत्रूला हेतू नाही, दुःख नाही, मुले-माणसे नाहीत. त्याच्याशी तह संभवत नाही आणि त्याला मारण्यात पाप नाही. निर्दोष युद्धाची ही परिपूर्ण सोय आहे. ज्या पहिल्या कथेने हेतूच्या आरोपणाविषयी वाचकाला सावध केले, तिच्याच मालिकेत हेतुशून्य शत्रूच्या आधारे माणसाच्या हिंसेला गुणाचा दर्जा मिळतो, हा अंतर्विरोध साधा नव्हे.

तो सर्वांत तीव्र होतो 'गुडलाइफ' या संकल्पनेत. प्रतिकार करणाऱ्या जीवांना बर्सर्कर 'बॅडलाइफ' म्हणतात. जे त्यांची सेवा पत्करतात ते 'गुडलाइफ', म्हणजे यंत्राच्या दृष्टीने सद्वर्तनी जीव. ही नावे यंत्राने दिली आहेत आणि त्यांतला औपरोधिक भाव उत्तम साधला आहे. परंतु हळूहळू 'गुडलाइफ' ही माणसांनी माणसांना द्यायची शिवी होते, आणि फितुरीच्या या खुणेखाली भय, शरणागती, वाटाघाटीची इच्छा असे परस्परभिन्न अनुभव एकत्र कोंबले जातात. साठच्या दशकातील अमेरिकेत हे कोठून आले असेल हे सांगण्याची गरज नाही. हर्मन कान यांनी 'ऑन थर्मोन्यूक्लिअर वॉर' (१९६०) या ग्रंथात प्रलययंत्राची, म्हणजे एकदा सुरू झाले की कोणालाही थांबवता न येणाऱ्या सर्वसंहारक यंत्रणेची, कल्पना चर्चेला घेतली होती, आणि ती पुढे त्या दशकातील कथा-चित्रपटांत सर्वत्र पसरली. क्यूबाचा पेचप्रसंग ऑक्टोबर १९६२ चा. जानेवारी १९६३ च्या अंकातील कथा त्याआधीच लिहून झालेली असणार; तेव्हा त्या दोहोंत थेट कार्यकारणभाव लावण्याचा मोह आवरलेला बरा. दोन्ही एकाच हवेतले, इतकेच.

बर्सर्करची तुलना मराठी वाचक भस्मासुराशी करील, हे जवळजवळ ठरलेले आहे. ती करू नये. भस्मासुर वर देणाऱ्यावर उलटतो, त्याला वासना आहे आणि मोहिनी त्याला फसवू शकते. अधिक जवळचा आदिबंध महाभारताच्या सौप्तिकपर्वात आहे. अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही अस्त्र सोडतात; अर्जुनाला ते आवरता येते, अश्वत्थाम्याला येत नाही, आणि आवरता न येणारे ते अस्त्र अखेर गर्भावर पडते. सोडलेले अस्त्र परत घेण्याच्या या क्रियेला संस्कृतात 'उपसंहार' म्हणतात, आणि ग्रंथाच्या समारोपालाही तोच शब्द आहे. अस्त्राचा उपसंहार करता येणे आणि कथेचा उपसंहार करता येणे या एकाच सामर्थ्याच्या दोन बाजू असाव्यात असे भाषेला वाटले, ही साधी गोष्ट नाही. महाभारतात अस्त्र आवरले गेले नाही तरी ज्याने ते सोडले तो समोर उभा असतो. त्याला शाप देता येतो, त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेता येतो. बर्सर्कर सोडणाऱ्यांपैकी शाप द्यायला कोणी उरलेले नाही. अस्त्राचा उपसंहार नाही, म्हणून मालिकेचाही नाही: १९६३ ला सुरू झालेली ही रचना २००५ च्या 'रोग बर्सर्कर' या कादंबरीपर्यंत लांबत गेली आणि तिला शेवट म्हणावा असा शेवट मिळाला नाही. बाजाराची मागणी हे त्याचे एक कारण खरेच. पण विषयाच्या गाभ्यातच समारोपाला नकार होता. जयंत नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीतही स्वतःची प्रतिकृती घडवू पाहणारे यंत्र आणि स्वतःच्या यंत्रांपायी नष्ट झालेली प्राचीन संस्कृती आहे. तेथे मात्र यंत्राला वेळीच रोखता येते. मराठी कादंबरीने उपसंहाराची शक्यता सोडली नाही.

स्टानिस्वाव लेम यांच्या 'निएझ्विचेंझोनी' ('अजिंक्य', १९६४) या पोलिश कादंबरीकडे वळले की सेबरहेगनने कोठे हात आखडला ते दिसते. रेगिस-३ या ग्रहावर हरवलेल्या यानाच्या शोधात 'अजिंक्य' नावाचे महायान उतरते. लाखो वर्षांपूर्वी तेथे उतरलेल्या परकीय यानातील स्वयंचलित यंत्रे मालकांविना उरली, परस्परांशी झुंजली, आणि त्यातून निर्जीवांची एक उत्क्रांती घडली असा तर्क यानावरील जीवशास्त्रज्ञ मांडतो. या स्पर्धेत टिकली ती शक्तिमान यंत्रे नव्हेत, माशीएवढे क्षुद्र धातुकण टिकले, जे संकट आले की ढगासारखे एकवटतात आणि चुंबकीय क्षेत्राने माणसाची स्मृती पुसून टाकतात. लेमने आज्ञावलीही काढून घेतली. बर्सर्करला निदान एक मृत प्रयोजक होता. या ढगाला तोही नाही. हा ढग शत्रूच नाही.

या ढगाशी लढायला माणसे 'सायक्लोप्स' हे प्रतिद्रव्याची तोफ असलेले स्वयंचलित युद्धयंत्र पाठवतात. कादंबरीतील हा सर्वांत दीर्घ रणप्रसंग आहे आणि लेमने तो निर्मनुष्य ठेवला आहे. माणसे दूर यानात पडद्यासमोर बसलेली. दरीत एक यंत्र आणि असंख्य यंत्रकण. सायक्लोप्स नष्ट होत नाही, त्याचे भान नष्ट होते. आपण कोणाचे आहोत हे हरवून तो तोफ रोखत परतीच्या वाटेला लागतो, आणि त्याला संपवण्याचे काम त्याच्या मालकांवरच येते. बर्सर्कर-कथांत यंत्राची हार हा माणसाचा विजय असतो. येथे स्वतःच्या यंत्राला मारून माणसे जे मिळवतात त्याला विजय म्हणता येत नाही, आणि यानाचे नाव तेवढे 'अजिंक्य' राहते. पुढे रोहान हा अधिकारी एकटाच, जवळजवळ निःशस्त्र, हरवलेल्या साथीदारांच्या शोधात त्या दऱ्यांत जातो. ढगाच्या हालचालीत त्याला एक निरर्थक भव्यता दिसते, आणि विश्वातले सारेच आपल्यासाठी नाही हे तो स्वीकारतो. हेतूचे आरोपण थांबवल्यावर उरणारी ही जाणीव आहे. सेबरहेगनच्या पहिल्या कथेने ज्या दाराशी वाचकाला आणले होते, ते लेमने उघडले.

कांबायाशी चोहेइ या जपानी लेखकाची 'सेंतो योसेइ युकिकाझे' (१९८४) ही कादंबरी वेगळ्या वाटेने जाते. तेथील लढाऊ विमान एकटे नाही, त्यात वैमानिक आहे. पण त्याच्या तुकडीला मिळालेली आज्ञा विलक्षण आहे: सोबती मरत असले तरी थांबायचे नाही, माहिती घेऊन परत यायचेच. म्हणजे माणसाला यंत्रासारखे वागायला शिकवले आहे, आणि यंत्र हळूहळू माणसाची गरज आहे काय असे विचारू लागले आहे. परग्रहावरचा अज्ञात शत्रू खरोखर माणसांशी लढतो आहे की माणसांच्या यंत्रांशी, हा संशय कादंबरीभर वाढत जातो. कांबायाशींनी विमानाला संवाद जवळजवळ दिलाच नाही. ते पडद्यावर मोजके शब्द उमटवते, आणि त्या शब्दांचा अर्थ लावताना वैमानिकाची जी ओढाताण होते ती प्रेमिकाच्या जवळची आहे.

लिखित साहित्याबाहेरचे एक उदाहरण येथे टाळता येत नाही. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या दूरचित्रमालिकेच्या २००३ पासूनच्या नव्या आवृत्तीत सायलॉन नावाच्या यंत्रवंशाची 'रेडर' ही युद्धयाने आहेत. त्यांत वैमानिक नाही. यान स्वतःच एक प्राणी आहे, मांसल, कमी बुद्धीचा, मारला गेला तरी स्मृतीसह नव्या देहात परतणारा. २००८ मधील चौथ्या पर्वाच्या प्रारंभी एका रेडरला समोरच्या मानवी विमानातील तरुण ओळखू येतो. आपण स्वतः सायलॉन आहोत हे त्या तरुणालाही नुकतेच कळलेले असते. सारे रेडर हल्ला सोडून माघारी फिरतात. बर्सर्करच्या विश्वात अशक्य असलेली घटना घडते: करण कर्ता होते, आणि त्याची पहिली क्रिया नकाराची असते. यावर मानवरूपी सायलॉनांत मतभेद होतात. अखेर मतदान घेऊन बहुमताने ठरते की रेडरच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून ही शक्ती छाटून टाकावी. मतदान प्रतिकृतीच्या प्रकारागणिक होते आणि एका प्रकारातील एकटी फुटून दुसऱ्या पक्षाला मिळते, म्हणून तर ते बहुमत होते. ज्यांच्या पूर्वजांनी माणसांच्या दास्याविरुद्ध शस्त्र उचलले, तेच आता हाती सुरी घेऊन उभे आहेत. ज्याच्याविषयी हे मतदान चालले आहे त्या रेडरला मत नाही.